विनंत्यांच्या वहीतली चौथी ओळ

डिसेंबरचा दुसरा रविवार, दुपारी चार. घरसभा आमच्याकडे, हुडकेश्वरला.

हजर: बाबा. मी. नवरा. पाळकसाहेब. मावशी, म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्सबाई, ज्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत आणि सगळ्यांना रागावतात. आसपासच्या दोन कुटुंबांतली सात माणसं. नवऱ्याच्या कामावरचा एक परदेशी पाहुणा. एकूण तेरा. गैरहजर: पाळकीणबाई, ताप.

वहीत ही नोंद अशीच आहे, फक्त तिथे नावं आहेत. इथे ती येणार नाहीत. विनंत्यांच्या वहीचा तो पहिला नियम आहे: नाव देवासमोर घ्यायचं, बाहेर न्यायचं नाही. कुणाच्या मुलाची दारू, कुणाच्या छातीतली गाठ, कुणाचं मोडत आलेलं लग्न, असं सगळं त्या वहीत असतं. अठरा वर्षं ती माझ्याकडे आहे आणि तिच्यातलं एकही नाव अजून गल्लीत गेलेलं नाही.

वहीची पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना होते. घरसभा ही दुपारची, कुणाच्या तरी घरी जमून केलेली लहान प्रार्थना. गाणं होतं, शास्त्रातला भाग वाचतात, कुणी नवीन आलं असेल तर ते आपली साक्ष सांगतं, म्हणजे विश्वासात कसं आलं ते. मग विनंत्या वाचायच्या. आधी दहा कायमच्या ओळी, नंतर त्या आठवड्याच्या. कायमच्या ओळींची दरवर्षी नवी स्वच्छ प्रत काढायची, झेरॉक्स करायच्या आणि नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी घरोघर द्यायच्या. हे काम माझं. एका कॉलेजच्या कार्यालयात मी अधीक्षक आहे, त्यामुळे ओळी, क्रमांक आणि प्रती यांत माझा हात बसलेला आहे.

पहिली ओळ मंडळी आणि पाळक. दुसरी आपला देश आणि सरकार. तिसरी आजारी माणसं. चौथी अशी होती: इस्राएलला शत्रूंवर विजय मिळो आणि यरुशलेमला शांती लाभो.

ही चौथी ओळ बाबांची. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. पारशिवनीच्या बाजूच्या एका गावात ते शाळामास्तर होते, आणि शाळा सुटल्यावर संत्र्यांच्या पंचवीस झाडांचे मालक. त्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. कुणी वाईट वागायचं नाही, पण सणावारी कुणीतरी म्हणायचंच की मास्तरचा देव गोऱ्यांचा, गोरे गेले, आता तरी आपल्या धर्मात परत या. साठच्या दशकात तिकडे सहा दिवसांची लढाई झाली तेव्हा बाबांनी हेडमास्तरांच्या रेडिओवर बातम्या ऐकल्या. निवेदक एकेक नाव घेत होता: यरुशलेम, यार्देन नदी, हेब्रोन. रविवारच्या वर्गात बाबा फळ्यावर खडूने जो नकाशा काढायचे, त्यातलीच गावं. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, तुमच्या पोथीतली गावं खरीच आहेत की. बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा अजूनही त्यांचा आवाज खाली जातो. त्याच आठवड्यात त्यांनी ती ओळ लिहिली. त्यांच्या दृष्टीने ते राजकारण नव्हतं. तो पुरावा होता, आणि ज्या देशाने तो पुरावा दिला त्याच्या बाजूने उभं राहणं ही साधी कृतज्ञता होती.

मी ती ओळ अठरा वेळा उतरवली. एकदाही थांबले नाही. तिकडे लढाई पेटली की ऑफिसातले सहकारी सकाळी म्हणायचे, "मॅडम, तुमच्या लोकांनी काल काय हाणलं हो." मी हसायचे. तुमच्या देवाचा देश, तुमचे लोक, असं ते मोठ्या आपुलकीने म्हणत. एरवी ख्रिस्ती म्हटलं की आम्हाला कुठल्या तरी परक्या देशाच्या खात्यात टाकतात याचा मला राग येतो. या खात्यात टाकल्याचा आला नाही, कारण या वेळी सगळेच टाळ्या वाजवत होते.

आता पाहुणा. माझा नवरा मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात भांडार सांभाळतो. नोव्हेंबरात तिथे अम्मानहून, म्हणजे यार्देन नदीपलीकडून, एक इंजिनियर दोन महिन्यांसाठी आला. चाळिशीचा, टक्कल पडत आलेला, मोजकं बोलणारा. त्याने नवऱ्याला विचारलं, इथे चर्च कुठे आहे. नवऱ्याने त्याला घरसभेला बोलावलं आणि मला त्याचं नाव सांगितलं. नाव अरबी. मी जेवणाच्या यादीत लिहिलं: हलाल?

"तो ख्रिस्ती आहे," नवरा म्हणाला.

"कधी झाला?"

"मी काय विचारू त्याले? त्याचं गाव बेथलेहेमच्या बाजूचं आहे म्हणे."

बेथलेहेम ऐकून मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी एक काम केलं. आमची प्रार्थना मराठीत चालते, पाहुण्याला काहीच कळणार नाही, म्हणून मी दहाही कायमच्या ओळींचा इंग्रजी अनुवाद केला. नीट टाइप केला, क्रमांक टाकले, समास सोडला. नवरा म्हणाला, "एवढं काहून?" मी म्हणाले, "घरी बोलावलेल्या माणसाला काय चाललंय ते कळायला हवं."

रविवारी तो साडेतीनलाच आला. बाबा अंगणात खुर्ची टाकून संत्री सोलत बसले होते. त्यांनी एक पाहुण्याच्या हातात दिलं. त्याने अंगठा लावताच साल सुटली आणि तो चकित झाला. त्याच्या आईच्या वडिलांची समुद्राकडे संत्र्यांची बाग होती, पण त्यांची साल जाड, सुरी लागायची. "याला तर पाहुण्यांची घाई दिसते," तो म्हणाला. मी मराठीत सांगितलं, बाबा हसले, आणि मग मी मध्ये बसून दोघांचं भाषांतर करत राहिले.

बाबांनी त्याला बोटांनी दाखवलं, जंबेरीचा, म्हणजे रानटी लिंबाचा, खुंट घ्यायचा, सालीवर चीर द्यायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि बांधून टाकायचा. मुळं रानटी, फळ गोड. पाहुणा मान डोलवत होता. त्याने संत्र्याच्या सालीचा तुकडा घेऊन दाखवलं की त्यांच्याकडे जैतुनाचंही तसंच करतात. खाली रानटी झाड, वर चांगली फांदी.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "विचार त्याले. मग शास्त्रातल्या प्रेषिताच्या पत्रात उलटं काहून लिहिलं? रानटी फांदी चांगल्या झाडावर बांधली म्हणून?"

मी विचारलं. पाहुणा पहिल्यांदा मोकळं हसला. "माझे वडीलही दर वर्षी छाटणीला हेच विचारायचे," तो म्हणाला. "त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. तो प्रेषित म्हणजे तंबू शिवणारा माणूस, त्याला झाडाचं काय कळणार."

"मी चाळीस वर्षं हेच म्हणून राहिलो," बाबा म्हणाले. "पाळकसाहेब ऐकत नाहीत."

पाहुणा त्यांना उस्ताज म्हणू लागला. त्यांच्याकडे शिक्षकाला तसं म्हणतात. बाबांनी मला हळूच सांगितलं, "उस्ताद म्हणून राहिला मले." इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

चार वाजता सभा सुरू झाली. गाणं, वाचन, मग साक्ष. आमच्याकडे साक्षीची एक ठरलेली सुरुवात आहे: आपल्या घरात पहिलं ख्रिस्ती कोण झालं. प्रत्येकाला ते पाठ असतं. आमचे पणजोबा, पेंच नदीत बाप्तिस्मा, गावाने दोन वर्षं विहीर बंद केली. मावशींची आजी, मिशनच्या दवाखान्यात बाळंत झालेली. पाळकसाहेबांनी पाहुण्याला तोच प्रश्न विचारला आणि मी तो इंग्रजीत केला.

त्याला समजला नाही. "पहिलं काय?"

मी पुन्हा विचारलं. तुमच्या घराण्यात आधी कुठला धर्म होता, आणि तो सोडून ख्रिस्ती कोण झालं.

त्याने थोडा विचार केला. "माहीत नाही. कुणालाच आठवत नाही." मग त्याच्या लक्षात आलं असावं की एवढ्याने कुणाचं समाधान होणार नाही. तो म्हणाला, "आमचं गाव मेंढपाळांचं. ज्यांना ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूत दिसले ते. गावातलं प्रत्येक घर सांगतं की आमचा पूर्वज त्यांच्यातला. माझी आजी म्हणायची, आपला पूर्वज गोठ्यापर्यंत गेलाच नाही. बाकीचे पळाले आणि त्याला म्हणाले, तू थांब, मेंढ्या सांभाळ."

मी हे मराठीत सांगितलं. लहानपणापासून नाताळच्या नाटकात आम्ही मेंढपाळ झालो होतो, डोक्याला टॉवेल बांधून, हातात बांबू घेऊन. आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चहाचा कप धरून बसलेल्या माणसाकडे मी पाहत राहिले. आयुष्यभर लोक मला विचारत आले की तुम्ही ख्रिस्ती कधी झालात, आणि मला तो प्रश्न बोचतो. तोच प्रश्न मी त्या गावच्या माणसाला दोनदा विचारला होता.

आणि मग मी वही उघडली.

कायमच्या ओळी वेगवेगळी माणसं वाचतात. चौथी बाबा, पाठ, डोळे मिटून. पाहुणा माझ्या टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवून आमच्याबरोबर चालला होता. एक, दोन, तीन. बाबांचा आवाज खणखणीत लागला. इस्राएल आणि यरुशलेम हे दोन शब्द तर त्याला मराठीतही कळले असतील. त्याचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं. बाबांनंतर मावशींनी पाचवी वाचली, नवऱ्याने सहावी, बोट तिथेच होतं. दहावी झाल्यावर सगळे आमेन म्हणाले. तोही म्हणाला, जरासा मागाहून.

मी सवयीने विचारलं, या आठवड्याच्या विनंत्या? मावशींचा गुडघा, अकरा. मग पाहुणा म्हणाला, "माझी आई."

तो एकेक वाक्य इंग्रजीत बोलला आणि मी मोठ्याने मराठीत केलं. आई गावीच असते, एकोणऐंशीची. तिच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आहे. ज्या दवाखान्यात इलाज होतो तो यरुशलेमात आहे. तिथे जायला परवाना लागतो. दोनदा अर्ज केला, अजून आलेला नाही. डावा डोळाही आता अधू झालाय.

"किती दूर आहे विचार," बाबा म्हणाले.

नऊ-दहा किलोमीटर. घराच्या गच्चीवरून तिकडच्या टेकड्या दिसतात.

हे अंतर मला न मोजता कळलं. हुडकेश्वरहून सीताबर्डी. गेल्या वर्षी बाबांचा मोतीबिंदू काढला तो तेवढ्याच अंतरावर. सकाळी आठला ऑटोने गेलो, दुपारी एकला घरी येऊन वरणभात जेवलो.

"तिथलीच बाई, आपल्यासारखी ख्रिस्ती," बाबा सावकाश म्हणाले, "आन् तिले यरुशलेमात जाता येत नाही? काहून?"

मी विचारलं. पाहुण्याने कपात पाहिलं. "मोठी गोष्ट आहे. उस्ताजचा चहा थंड होईल."

मी बाबांना सांगितलं, "लांबलचक आहे म्हणतो. चहा थंड होईल म्हणतो."

"होऊ दे म्हणा," बाबा म्हणाले. पण पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन सभा संपवली. मी बारा क्रमांक टाकून लिहिलं: पाहुण्याची आई, डोळा, परवाना. त्याच पानावर, वरून चौथी, बाबांची ओळ होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या पानावरच्या दोन ओळी मला एका दमात वाचता येईनात.

निघताना पाहुण्याने तो कागद नीट चार घड्या घालून खिशात ठेवला. मला म्हणाला, "सिस्टर, टायपिंग फार सुंदर करता." टोमणा होता की आभार, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. कप विसळताना मी तीनदा तेच वाक्य आठवलं. मावशी ताटं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं नुसती उतरवतच राहिली वं तू. एकदा वाचलं असतं तर?"

सोमवारी मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ओळ काढू नका, वाद होईल, शब्द मवाळ करा. मंगळवारी बाबांशी बोलायचं ठरवलं होतं आणि मला जमलं नाही. काय सांगणार होते? चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याने तरुणपणी एका रेडिओच्या आवाजावर आपला विश्वास तोलून पाहिला, त्याला मी सांगणार की तुमची साठ वर्षांची प्रार्थना चुकली? ओळ गेली तर बाबांचं काय उरतं याची मला भीती होती. आणि ओळ राहिली तर मी दर रविवारी माझ्या घरात बसून त्या बाईच्या विरुद्ध मत टाकत होते, याचीही.

बुधवारी सकाळी चहा पिता पिता बाबाच म्हणाले, "कोणीतरी मेंढ्यांजवळ थांबलंच असंन, नाही? सगळे कसे जातीन? हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही गा." गा पुरुषाला म्हणतात; म्हणजे ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते.

पुढच्या रविवारी पाहुणा जेवायला आला. जेवण झाल्यावर त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर उभा केला. काळ्या स्वेटरमधली एक गोरी, जाड भुवयांची बाई दिसली. उजवा डोळा अर्धवट मिटलेला. मागे दगडी भिंत, तिच्यावर क्रूस, आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे. त्या मोज्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. बेथलेहेमच्या बाजूला मोजे वाळत घालतात हे मला कळायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

मुलगा अरबीतून इंग्रजी करी, मी इंग्रजीतून मराठी. तिने विचारलं, मुलगा नीट खातो का. मग म्हणाली, तुमच्या घरासाठी प्रार्थना करते. तिने हात उघडे धरले आणि सुरू केलं. लय आमच्याच प्रार्थनेची होती, शब्द एकही ओळखीचा नाही, आणि अचानक एक ओळखीचा आला. मग पुन्हा. मग पुन्हा.

बाबांनी माझा हात दाबला. "अल्लाह म्हणाली ती?"

पाहुण्याला कळलं. "आमच्या भाषेत देवाला तोच शब्द आहे, उस्ताज. चर्चमध्येही तोच."

नवरा हळूच म्हणाला, "आपण परमेश्वर म्हणतो तेव्हा शेजारचे काका असेच दचकत असतीन."

बाबांनी पुन्हा डोळे मिटले आणि तिचं आमेन झाल्यावर ते तिच्याबरोबर आमेन म्हणाले. ते मात्र इकडे तिकडे अगदी एकच होतं. ही प्रार्थना कुठून कुठून फिरून पेंच नदीपर्यंत आली असेल, किती तोंडांतून, आणि तिचा उगम जिथला, तिथली एक म्हातारी माझ्या जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगला टेकून बसली होती.

मग तिच्या मुलाने तिला काहीतरी सांगितलं. तो आम्हाला म्हणाला, "मी आईला सांगितलं की हे उस्ताज दर आठवड्याला यरुशलेमसाठी प्रार्थना करतात."

तिने विचारलं, किती वर्षं?

"साठाला थोडी कमी," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. मुलाने सांगितलं. बाई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की नुसता तिचा डावा डोळा आणि कपाळ दिसू लागलं. ती हळू आवाजात एक वाक्य बोलली. मुलाने ते इंग्रजीत केलं. मला ते मराठीत करायचं होतं, बाबांसाठी.

"त्या म्हणतात, म्हणूनच आम्ही अजून इथे आहोत."

बाबांनी हात जोडले. तेवढंच. पाहुण्याने आईला पूर्ण ओळ सांगितली नव्हती. घडी केलेला तो कागद त्याच्याच खिशात होता. ओळीचा पहिला अर्धा भाग त्याने गाळला होता, आणि टेबलाभोवती बसलेल्या आम्हा चौघांनाही ते माहीत होतं.

तो गेल्यावर बाबा अंगणात जाऊन बसले. समोर संत्री होती, सोलली नाहीत. मी शेजारी बसले.

"तिले खोटं सांगितलं आपण," ते म्हणाले.

"आपण काहीच बोललो नाही, बाबा."

"तेच." मग म्हणाले, "मी विजय मागत होतो. ती तिथं होती हे मले माहीत नव्हतं. त्या गावांत कोणी राहते, त्याईच्या घरात चूल पेटते, हे मी कधी मनात आणलंच नाही. नकाशात माणसं काढत नाहीत ना वं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"साठ वर्षं मी चिठ्ठ्या टाकून राहिलो. भलत्याच पत्त्यावर गेल्या, का तिच्याकडे पोचल्या?"

मी विचारलं, "चौथी ओळ काढू का?"

"काढू नको. यरुशलेम काढायचं नाही." त्यांनी समोरची संत्री बाजूला सारली. "तू लिही. नव्यानं. तू लिहिलंस की मी पाठ करतो. आठ दिवस लागतीन मले, हे ध्यानात ठेव."

म्हणजे मुदतही ठरली. पाहुणा नाताळाआधी अम्मानला परत गेला. जाताना बाबांनी त्याला पेटीभर संत्री दिली आणि त्याने बाबांचा हात कपाळाला लावला. आईचा परवाना अजून आलेला नाही. बारावी विनंती मी दर रविवारी पुढच्या पानावर नेते, तिच्या नावासकट.

ओळीचं म्हणाल तर मी आतापर्यंत सहा मसुदे केले आहेत. पहिल्यात इस्राएल खोडून दुसऱ्या बाजूचं नाव घातलं. वाचून पाहिलं, तर तीच ओळ, फक्त झेंडा बदललेला. मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आन् इस्राएलातून ओलीस नेलेल्या पोरींच्या आयांचं काय? त्याईले कोणत्या ओळीत बसवशीन?" दुसऱ्यात लिहिलं, दोन्हीकडच्या सर्व संबंधितांना शांती लाभो. ते माझ्या ऑफिसच्या परिपत्रकासारखं झालं. देवाला पोच द्यावी लागली असती. तिसरा फार लांब, पानावर मावेना. चौथ्यात आणि पाचव्यात मी तिची गच्ची आणली, दिसणाऱ्या टेकड्या आणल्या, मग वाटलं हे माझं झालं, बाबांना पाठ होणार नाही. सहावा काल केला आणि आज सकाळी खोडला.

ऑफिसात परवा सहकारी पुन्हा म्हणाले, "मॅडम, तुमचे लोक जोरात आहेत." मी म्हणाले, "माझे लोक कोणते, हे मी सध्या शोधते आहे." त्यांना ती गंमत वाटली. मला वाटली नाही. मी फाइल पुढे केली आणि सही घेतली.

उद्या शनिवार, परवा नव्या वर्षाचा पहिला रविवार. झेरॉक्सवाला दुपारी दोनपर्यंत असतो. पंचवीस प्रती, एका बाजूने. बाकी पान तयार आहे: एक, दोन, तीन, पाच ते दहा. बाबांना आठ दिवस लागतील असं ते म्हणाले होते, त्यातले पाच गेले. सकाळपासून ते दोनदा विचारून गेले, झाली का वं. चारचा आकडा मी टाकून ठेवला आहे. त्याच्यापुढची ओळ लिहायची आहे.